किल्ल्या कोणाच्या कमरेला?

महोदय,

आफ्रिकेतील सरकारी विद्यापीठांच्या दुरवस्थेवर एका वाचकाचे पत्र आपण गेल्या रविवारी छापले. ‘इंग्रज गेले आणि या लोकांनी सोन्यासारख्या विद्यापीठांची माती केली’ हे त्यातले वाक्य मी दोनदा वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. १९८३ ते १९९१ अशी आठ वर्षे मी उत्तर नायजेरियातल्या एका सरकारी विद्यापीठात गणित शिकवले. त्या मातीत माझेही पाय मळले आहेत, म्हणून हे उत्तर.

आधी एक प्रसंग सांगते. त्या काळी संध्याकाळच्या बातम्या आमची सगळी वसाहत रेडिओला कान लावून ऐकत असे. लष्करी राजवटीत कोण उरला आणि कोण गेला, हे तिथेच कळे. एका संध्याकाळी बातम्यांच्या शेवटी आमच्या कुलगुरूंना ‘तत्काळ’ पदमुक्त केल्याचे निवेदकाने सांगितले. कुलगुरू त्या वेळी शेजारच्या घरी एका आजारी सहकाऱ्याला बघायला आले होते. बातमी त्यांनीही आमच्यासारखीच ऐकली. हातातला पेला खाली ठेवला, यजमानांचा निरोप घेतला आणि बाहेर येऊन गाडीची वाट बघत उभे राहिले. गाडी काही आली नाही. बातम्या ड्रायव्हरनेही ऐकल्या होत्या. शेवटी ते चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तावातावाने विभागप्रमुखांकडे गेले. ते जुने, शांत गृहस्थ होते. मला ‘मालमा’ म्हणत. हौसा भाषेत मालमा म्हणजे शिक्षिका. म्हणाले, “मालमा, तुम्हाला लष्कराचा राग आलाय. पण आपल्याच विद्याशाखेतले दोघं पंधरा दिवस लागोसला हॉटेलात राहून आलेत, हे ठाऊक आहे का? तिथं कुणाच्या बंगल्यावर खेटे घालत होते, ते विचारा.” लागोस तेव्हा राजधानी होती. त्या दोघांपैकी एकाला महिनाभरात बढती मिळाली. दुसऱ्याला काहीच मिळाले नाही, तेव्हापासून तो विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर फार सुंदर बोलू लागला.

राजकारण विद्यापीठात घुसते असे आपण म्हणतो. मी जे पाहिले त्यात ते दार फोडून क्वचितच आले. आतून कोणीतरी कडी काढून ठेवलेली असे.

आता इंग्रजांबद्दल, ज्यांच्यासाठी आपल्या पत्रलेखकाने उसासा टाकला आहे. ही रचना त्यांचीच. त्यांच्याकडे विद्यापीठाचा ‘व्हिजिटर’, म्हणजे सर्वांत वरचा देखरेख करणारा, हा राजा किंवा राणी, आणि कुलपती म्हणजे वर्षातून एकदा झगा घालून पदव्या वाटणारा कोणी मानकरी. नायजेरियातले इबादान काय, युगांडातले मकेरेरे काय, लंडन विद्यापीठाच्या छायेत वाढलेल्या या संस्थांनी तोच साचा उचलला. स्वातंत्र्यानंतर राणीच्या खुर्चीत राष्ट्राध्यक्ष बसले. फरक एवढाच की राणीच्या हाती झगा होता, यांच्या हाती सैन्य आणि तिजोरीही होती. १९६१ साली घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा घाना विद्यापीठाचे कुलपती झाले. केनियात आधी राष्ट्राध्यक्ष केन्याटा आणि मग मोई प्रत्येक सरकारी विद्यापीठाचे कुलपती होते. मकेरेरेचा कुलपती तर काही वर्षे युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन होता. नायजेरियाच्या केंद्रीय विद्यापीठांचा व्हिजिटर आजही राष्ट्राध्यक्षच असतो. नावाला पाहुणा, पण घराच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला.

त्याची किंमत कधी कधी जिवानेही मोजावी लागली. फ्रँक कालिमुझो हे मकेरेरेचे कुलगुरू. अमीनच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या काळात वरिष्ठ सनदी अधिकारी होते, तिथून विद्यापीठात आले. म्हणजे ‘वरून आलेला माणूस’च. ऑक्टोबर १९७२ मध्ये अमीनच्या माणसांनी त्यांना उचलून नेले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. सरकारने नेमलेला कुलगुरू सरकारचा लाडका असतो असे आपण धरून चालतो. सरकार बदलले की त्याच नेमणुकीचा फास होतो.

आमच्या नायजेरियातही १९८६ च्या मे महिन्यात झारियाच्या अहमदु बेल्लो विद्यापीठात पोलीस घुसले आणि विद्यार्थी गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या वर्गात निम्मी बाके रिकामी असत. १९८८ मध्ये प्राध्यापकांच्या संघटनेवर बंदी आली. पुढे १९९० च्या दशकात त्याच अहमदु बेल्लो विद्यापीठावर कुलगुरूऐवजी एक मेजर जनरल ‘एकमेव प्रशासक’ म्हणून बसवले गेले. मी तेव्हा परत आले होते. एका सहकाऱ्याने पत्रातून कळवले, “आता सिनेटच्या बैठका वेळेवर सुरू होतात आणि लवकर संपतात.” पुढे एक अक्षर नव्हते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे ते मलावीबद्दल, कारण त्या प्रकरणाची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. झोम्बा या गावात मलावी विद्यापीठाचे चान्सलर कॉलेज होते. तिथे ब्लेसिंग्ज चिन्सिंगा नावाचे प्राध्यापक राज्यशास्त्र शिकवत. फेब्रुवारी २०११. ट्युनिशिया आणि इजिप्तमधले उठाव ताजे होते आणि मलावीत पेट्रोल-डिझेलची टंचाई होती. वर्गात उदाहरण देताना त्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. शिक्षक उदाहरणे देणारच. मीसुद्धा संभाव्यता शिकवताना वीज जाण्याची उदाहरणे देत असे, कारण ती रोजच जायची. वर्गात खबऱ्या होता. थेट पोलीस महानिरीक्षकांनी प्राध्यापकांना बोलावून घेऊन त्या तासाबद्दल जाब विचारला.

सहकारी प्राध्यापकांनी शिकवणे थांबवले. मागणी साधी होती : माफी मागा, आणि पुन्हा वर्गात हेर बसणार नाहीत याची हमी द्या. राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका म्हणाले, पोलीस माफी मागणार नाहीत. हे मुथारिका स्वतःच विद्यापीठाचे कुलपती! म्हणजे तक्रार ज्याच्या पोलिसांविरुद्ध, दाद मागायची तीही त्याच्याकडेच. विद्यापीठाच्या कौन्सिलने, म्हणजे व्यवस्थापन मंडळाने, चिन्सिंगा आणि संघटनेचे पुढारी यांनाच नोकरीवरून काढले. प्रकरण कोर्टात गेले, कॉलेजला टाळे लागले, आणि असे जवळजवळ आठ महिने चालले. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले, काढलेले लोक परत आले. त्या आठ महिन्यांत विद्यापीठाचे नेतृत्व करणारे लोक काय करत होते? ते वर बघत होते. ज्याने नेमणुकीच्या पत्रावर सही केली त्याच्याकडेच माणूस बघतो, त्यात आश्चर्य ते काय. मला राग येतो तो त्यांचा नाही, त्या सहीच्या रचनेचा येतो. बरं, राग अगदीच येत नाही असेही नाही.

‘मग कायदा बदला’ असे कोणी म्हणेल. बदलला की! केनियात २००३ पासून राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी कुलपतिपदे सोडली, स्वतंत्र माणसे नेमली. २०१२ च्या कायद्याने कुलगुरूची निवड जाहिरात आणि मुलाखतीच्या मार्गाने आणली. कागदावर छान आहे. पण सप्टेंबर २०१६ मध्ये एल्डोरेटच्या मोई विद्यापीठात प्रभारी कुलगुरू म्हणून लाबान आयिरो यांना नेमले, तर आसपासच्या दोन परगण्यांचे गव्हर्नर मोर्चा घेऊन आले : आमच्या भागातला माणूस पाहिजे. म्हणजे राजधानी नैरोबीची पकड सैल झाली की गावकी पुढे सरकते. विद्यापीठ म्हणजे नोकऱ्या, कंत्राटे आणि जमीन. ते ‘आपल्याकडे’ असावे असे पुढाऱ्यांना वाटते. नायजेरियात तर हे दुखणे १९६५ पासूनचे आहे. लागोस विद्यापीठात एनी एनजोकू यांना मुदतवाढ न देता साबुरी बिओबाकू यांना कुलगुरू केले. एक इग्बो जमातीचे, दुसरे योरुबा जमातीचे. विद्यापीठ उभे फाटले, आणि नव्या कुलगुरूंवर एका विद्यार्थ्याने सुरा चालवला. ते बचावले.

जानेवारी २०२० चा नैरोबीचा किस्सा तर नाटकात घातला तर खोटा वाटेल. कौन्सिलने स्टीफन किआमा यांना नैरोबी विद्यापीठाचे कुलगुरू नेमले. शिक्षणमंत्र्यांनी ती नेमणूक रद्द केली आणि कौन्सिलही बरखास्त केली. कोर्टाने मंत्र्यांना थांबवले. हे मंत्री जॉर्ज मागोहा कोण? त्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू, जवळजवळ दहा वर्षे त्याच खुर्चीत बसलेले. आमच्या विभागप्रमुखांची आठवण झाली. कडी आतली माणसेच काढतात, आणि बाहेर गेली की लावतातही तीच.

नायजेरियात २००३ मध्ये स्वायत्ततेचा कायदा झाला. तरी २०२० मध्ये लागोस विद्यापीठाच्या कौन्सिलने कुलगुरूंना काढले, राष्ट्राध्यक्षांनी चौकशी समिती नेमली आणि कुलगुरू परत आले. कोण बरोबर होते यात मी पडत नाही. मला त्यातली वाट दिसते. भांडण विद्यापीठाचे, निकाल आताची राजधानी अबुजाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द अबुजा विद्यापीठाची कौन्सिल बरखास्त झाली आणि कुलगुरूही गेल्या.

एक गोष्ट मान्य करते. सगळा दोष सरकारांवर ढकलणे प्राध्यापकांना सोयीचे असते. दक्षिण आफ्रिकेतले फोर्ट हेअर, जिथे मंडेला शिकले, तिथल्या कुलगुरूंच्या अंगरक्षकाला जानेवारी २०२३ मध्ये गोळ्या घालून मारले. कुलगुरू विद्यापीठातल्या भ्रष्टाचाराच्या मागे लागले होते. तिथे वरून हुकूम नव्हता, कंत्राटांची लालूच होती. आणि झिम्बाब्वेत राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्या पत्नीला २०१४ मध्ये काही महिन्यांत डॉक्टरेट मिळाली, ती कुलपती या नात्याने पतीच्याच हस्ते. पुढे मुगाबे पायउतार झाल्यावर २०१८ मध्ये कुलगुरूंना अटक झाली. त्या पदवीची चाके कोणातरी विद्वानांनीच फिरवली असणार, सैनिकांनी नव्हे.

पण ‘या लोकांनी माती केली’ म्हणणाऱ्यांनी या लोकांचे संपही मोजावेत. मलावीतले आठ महिने कोणी काढले? घानात २०२० मध्ये सरकारी विद्यापीठे मुठीत घेऊ पाहणारे विधेयक आले, ते प्राध्यापकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या विरोधाने बारगळले. मी नायजेरियात गेले तेव्हा नायरा डॉलरपेक्षा जड होता. परतले तेव्हा एका डॉलरला दहाच्या आसपास नायरा पडत. माझ्यासारखे बाहेरचे बहुतेक लोक गेले. ते राहिले, त्याच पगारात, त्याच फळ्यासमोर.

त्यांच्यातला एक माझा विद्यार्थी. आता तिथल्याच एका विद्यापीठात प्राध्यापक आहे. २०२२ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर संप चालला, सरकारने पगार अडवला, तेव्हा त्याने शिकवण्या घेऊन घर चालवले. मागच्या वर्षी त्याच्या विद्यापीठात कुलगुरूपदासाठी अर्ज मागवले आणि त्यानेही भरला. पंधरा दिवसांनी कोणाचा तरी फोन आला : अबुजाला येऊन ‘ओळख करून द्या’. त्याने मला फोन केला. मी विचारले, “मग गेलास का?” म्हणाला, “नाही, मालमा. पण बाकीचे सगळे गेले.” यादीत त्याचे नाव आले नाही. या सत्रात तो पहिल्या वर्षाला कलन शिकवतो आहे, वर्गात तीनशेच्या वर मुले आहेत आणि मायक्रोफोन बिघडलेला आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका

ता.क. : त्या पत्रात मकेरेरे विद्यापीठ नैरोबीत असल्याचे म्हटले आहे. ते युगांडात, कंपालाला आहे. कृपया दुरुस्ती छापावी.