एकच मेल आयडी, चार कॉम्प्युटर आणि "आम्हाला मेल आलाच नाही"

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं तंत्रज्ञानाचं पान मी वाचतो, पण त्यात नवे मोबाईल आणि एआय याच्यापलीकडं फारसं काही नसतं. इकडं सातारा-कराड पट्ट्यात मी ज्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे सीए लोकांची ऑफिसं, पतसंस्था, सोसायट्या, एखादं दुसरं शाळेचं ऑफिस, तिथं सगळीकडं एकच रडगाणं आहे आणि त्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. ऑफिसचा मेल आयडी एकच असतो आणि तो उघडायचा असतो चार मशीनवर, साहेबांच्या केबिनमध्ये, काउंटरवर, अकाउंटच्या टेबलावर आणि वर साहेबांच्या घरच्या लॅपटॉपवर. मग काउंटरवाली म्हणते मेल आलाच नाही, साहेब म्हणतात मी सकाळी वाचलाय, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

हा गोंधळ नव्वद टक्के वेळा व्हायरसचा नसतो, नेटवाल्याचा नसतो आणि जीमेलचाही नसतो (नव्वद हा माझा अंदाज हं, कुणी मोजलेलं नाही). ज्यानं आउटलुक किंवा थंडरबर्ड (कॉम्प्युटरवर मेल बघायची सॉफ्टवेअरं) टाकून दिलं त्यानं एक प्रश्न विचारलेला नसतो, की हा मेल किती जण किती मशीनवर बघणार आहेत. न विचारता तो पीओपी लावतो आणि पैसे घेऊन जातो, कारण त्याला वर्षानुवर्षं तेच लावायची सवय असते.

पीओपी म्हणजे मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, उचलून आपल्या मशीनवर आणायची पद्धत, आणि आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून तिथंच वाचायची पद्धत. वाचनालयात टेबलावर बसून पेपर वाचणं वेगळं आणि तो घडी घालून घरी नेणं वेगळं, नेला की पुढच्याला टेबल रिकामंच दिसणार. दोन्ही पद्धती जुन्याच आहेत बरं का, आयमॅप काही काल-परवाचं नाही, मार्क क्रिस्पिन यांनी ते स्टॅनफर्डला १९८६ मध्ये केलं. पण आपल्याकडं विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा फोन लावून नेट जोडायचं आणि तासाच्या हिशोबानं पैसे जायचे, त्यामुळं पटकन जोडा, मेल खाली उतरवा, फोन तोडा आणि मग निवांत वाचत बसा हेच शहाणपणाचं होतं. तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटरही एकच असायचा. आता फायबर आलं, मशीन चार झाली, खिशात मोबाईल आला, आणि सेटिंग मात्र तेच राहिलं.

आता नेमकं काय बघायचं ते सांगतो. मेल दिसत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा आउटलुक बंद करा आणि ब्राउझरमध्ये जाऊन तोच आयडी उघडा. तिथं मेल दिसला तर तो हरवलेला नाही, फक्त तुमच्या मशीनपर्यंत आलेला नाही. जीमेलमध्ये तर गंमत अशी आहे की पीओपीनं एका मशीननं मेल एकदा उचलला की जीमेल तो दुसऱ्या मशीनला पीओपीनं परत देतच नाही, जरी कॉपी इनबॉक्समध्ये ठेवायचं सेटिंग केलेलं असलं तरी. याला तात्पुरता उपाय आहे. युजरनेमच्या खान्यात मेल आयडीच्या आधी रीसेंट हा शब्द इंग्रजीत लिहून लगेच कोलन द्यायचं, मधे जागा सोडायची नाही, मग प्रत्येक मशीनला मागच्या ३० दिवसांचे मेल मिळतात. हे सगळ्या मशीनवर करायला लागतं, आणि सोबत आउटलुकमध्ये सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक असायलाच पाहिजे. ही युक्ती फार कमी लोकांना माहीत आहे आणि आयमॅप लावायला वेळ नसेल तेव्हा दिवस निभावून नेते, पण कायमचा इलाज म्हणून धरू नका.

ज्यांचा मेल स्वतःच्या डोमेनवर आहे, म्हणजे आयडीत ॲटच्या पुढं कंपनीचंच नाव, त्यांना दुसराच त्रास होतो. आउटलुकमध्ये सर्व्हरवर कॉपी ठेवा या टिकेच्या खाली अजून एक टिक असते, १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका अशी, आणि ती बऱ्याचदा आधीपासूनच मारलेली असते. मग सुट्टीवरून आलेला माणूस मशीन चालू करतो आणि त्याला पंधरवड्यापलीकडचं काहीच दिसत नाही, कारण काउंटरच्या मशीननं ते कधीच पुसून टाकलेलं असतं. आणि एक, पीओपीत एक मशीन मेल उचलत असताना सर्व्हर तो मेलबॉक्स बाकीच्यांसाठी बंद ठेवतो, तसा नियमच आहे. सकाळी दहाला चारही मशीन एकदम चालू होतात, प्रत्येकाला दर मिनिटाला मेल बघ असं सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळं एकाला मेल मिळतो आणि दुसऱ्याला पासवर्ड विचारणारी चौकट येते. पासवर्ड बरोबरच असतो हो! पण माणूस घाबरून तो परत परत टाकतो, मग कुणीतरी म्हणतं हॅक झालं वाटतं, आणि पासवर्ड बदलून टाकतात.

पासवर्ड बदलला की खरं रामायण सुरू होतं. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडचं सांगतो. त्यांचा डोमेनवरचा मेल, पासवर्ड बदलला, ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर नवा टाकला, दोन तास सगळं छान चाललं आणि मग एकदम सगळ्या मशीनवर मेल बंद. थोड्या वेळानं आपोआप चालू, परत बंद. नेटवाल्याला बोलावलं, त्यानं राउटर बदलला, तरी तेच. मला बोलावलं तेव्हा मी मोबाईलचं वायफाय बंद करून सिमच्या नेटवर तोच मेल लावून बघितला आणि तो पटकन चालला, म्हणजे सर्व्हर ठीक, पासवर्ड ठीक, नेटही ठीक, अडचण ऑफिसच्या आयपी ॲड्रेसची, म्हणजे इंटरनेटवरच्या ऑफिसच्या पत्त्याची. ऑफिसातली सगळी मशीन बाहेरच्या जगाला एकाच आयपीवरून दिसतात, आणि त्यातलं एखादं जरी चुकीचा पासवर्ड घेऊन दारावर धडका मारत राहिलं तरी होस्टिंगवाल्याचा (म्हणजे डोमेनचा मेल सांभाळणाऱ्या कंपनीचा) सर्व्हर तो आख्खा आयपी काही वेळ अडवून ठेवतो. ते मशीन सापडलं गोडाऊनमध्ये, एक जुना लॅपटॉप, बिल्टी छापायला ठेवलेला, त्यात आउटलुक मागच्या मागं चालू आणि जुनाच पासवर्ड. त्याच्यावरचं अकाउंट काढलं, होस्टिंगवाल्याला फोन करून आयपी मोकळा करून घेतला, विषय संपला. त्यामुळं पासवर्ड बदलायच्या आधी हा मेल कुठंकुठं लावलाय त्याची यादी करा, गोडाऊन, घरचा लॅपटॉप, ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाईल, आणि ज्यातून स्कॅन केलेलं थेट मेल होतं ते झेरॉक्स मशीनसुद्धा, ते तर सगळेच विसरतात.

जीमेलवाल्यांचं अजून वेगळं. गूगलनं ३० मे २०२२ पासून खाजगी अकाउंटना नुसता आयडी-पासवर्ड टाकून जुन्या सॉफ्टवेअरमधून शिरायचं बंद केलं, त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायला मिळाला नव्हता. आता जुन्या आउटलुकमध्ये जीमेल लावायचं तर आधी गूगल अकाउंटमध्ये टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोडही मागायची सोय) चालू करा, मग तिथूनच अशा सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा, १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा आणि तो टाका, नेहमीचा नाही. प्रत्येक मशीनला वेगळा ॲप पासवर्ड काढा, म्हणजे एक मशीन विकलं किंवा बिघडलं तर तेवढाच रद्द करता येतो. मात्र मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड एकदम रद्द होतात, हे सांगून ठेवा, नाहीतर परत तेच, सगळी मशीन गप्प आणि सगळे नेटवाल्याच्या नावानं बोंबा मारतायत. आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांना मायक्रोसॉफ्टनंही १६ सप्टेंबर २०२४ पासून नुसत्या पासवर्डवर शिरणं बंद केलंय, तिथं जुन्या आउटलुक २०१० वर तासन् तास घालवू नका, ब्राउझर उघडा किंवा सॉफ्टवेअर नवं घ्या.

पीओपीवरून आयमॅपवर जाताना घाई करू नका. आउटलुकमध्ये जुनं अकाउंट आयमॅप करता येत नाही, नवीन म्हणून जोडावं लागतं, आणि काही शहाणे आधी जुनं काढून टाकतात. काढू नका! वर्षानुवर्षांचे मेल त्या एका मशीनच्या पीएसटी फाइलमध्येच (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) असतात, सर्व्हरवर नसतात. आधी त्या फाइलची पेनड्राइव्हवर कॉपी घ्या, मग आयमॅप जोडा, मग जुने फोल्डर थोडेथोडे नव्यात ओढा, एकदम पाच वर्षं ओढाल तर मधेच अडकतं. जीमेलची फुकटातली जागा १५ जीबी आहे आणि त्यात ड्राइव्ह आणि फोटोही मोजतात, ती भरली की नवे मेल यायचेच थांबतात, म्हणून जुने स्कॅन केलेले जाडजूड पीडीएफ आधी बाजूला काढा. आणि तीच पीएसटी फाइल नेटवर्कवर शेअर करून चार मशीनवरून उघडायचा उद्योग तर अजिबात करू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच तसं करू नका म्हणतं, फाइल खराब होते.

आयमॅप लावलं म्हणजे भांडणं संपतात असं नाही. आता एकानं वाचलेला मेल सगळ्यांना वाचलेला दिसतो, त्यामुळं जाड अक्षरात नाही म्हणून दुसरा उघडतच नाही, आणि एकानं डिलीट केला की सगळीकडून जातो. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस सापडतो, म्हणून रडायच्या आधी तिथं बघा. जीएसटीवाल्यांनी तर हे फारच जपायला पाहिजे. कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या मेल आयडीवर नोटीस पाठवली की ती बजावली असं धरतात, आमच्या काउंटरच्या मशीनवर आली नाही हे तिथं कोण ऐकणार?

सोसायट्यांसाठी एक वेगळं. तिथं चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि मॅनेजर असे सगळे एकच पासवर्ड वापरतात, तो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला असतो, आणि टू-स्टेपचा कोड मात्र सेक्रेटरींच्या मोबाईलवर येतो, जे मुलाकडं अमेरिकेत गेलेत आणि तिकडं रात्र आहे. यावर जीमेलमध्येच सोय आहे. सेटिंगमध्ये अकाउंट्सच्या पानावर दुसऱ्याला आपला मेल वापरायची परवानगी देता येते, साध्या अकाउंटला १० जणांपर्यंत. प्रत्येक जण आपापल्या आयडीनं आत येतो, मेल वाचतो, उत्तर देतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. कमिटी बदलली की नाव काढून टाकायचं, बस. हे ब्राउझरमध्ये चालतं, आउटलुकमध्ये नाही. आणि मोबाईल हाताशी नसताना चालणारे टू-स्टेपचे १० बॅकअप कोड छापून सोसायटीच्या कपाटात ठेवा, म्हणजे अमेरिकेत कुणाला उठवायला लागत नाही. पाच वर्षांनी नवी कमिटी येते तेव्हा दप्तराबरोबर रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यावर अकाउंट परत मिळवायचा) मोबाईल नंबर आणि रिकव्हरी मेलही बदलून घ्या, नाहीतर आयडी सोसायटीचा आणि चावी माजी सेक्रेटरीकडं असं होतं, आणि माजी सेक्रेटरी रुसलेले असतात.

साहेब, पत्र लांबलंय, तुम्ही कापणार हे माहीत आहे. कापायचं तर विदेश संचार निगमचा भाग खुशाल कापा, पण पासवर्ड बदलायच्या आधीची यादी आणि पीएसटीची कॉपी तेवढी ठेवा, आणि तंत्रज्ञानाच्या पानावर कधीतरी आयमॅपचं सेटिंग चित्रांसकट छापा, मी त्याचं कात्रण काढून प्रत्येक गिऱ्हाईकाच्या भिंतीवर चिकटवीन.

आपला नियमित वाचक,
कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, सातारा