चीनमधल्या शीआनच्या मोठ्या मशिदीत वाट दाखवणाऱ्यांचे आभार

ड्रम टॉवरच्या, म्हणजे आपल्या भाषेत नगारखान्याच्या, कमानीखालून उत्तरेला निघालेली गर्दी खाऊगल्लीत सरळ वाहत जाते आणि मशीद मागेच राहते. डावीकडची ह्वाच्युए गल्ली अरुंद, दुतर्फा दुकानांनी भरलेली. हातातलं काम न सोडता नुसत्या बोटाने वळण दाखवणाऱ्या दुकानदारांचे पहिले आभार. बरेच जण चुकतात ते घुमट शोधत बसल्यामुळे. इथे घुमट नाहीच! चिनी धाटणीची उतरती छपरं आहेत, आणि मिनाराच्या जागी लाकडी अष्टकोनी मनोरा.

दुसरे आभार अंगणांतल्या सेवकांचे. चिनी मंदिरं बहुधा दक्षिणाभिमुख असतात. ही मशीद पूर्व-पश्चिम पसरली आहे, कारण मक्का इथून पश्चिमेला. त्यामुळे नमाजगृहाच्या दर्शनी भागावर ऊन सकाळीच पडतं. दुपारनंतर फोटोत सूर्य समोर येतो. बिगर-मुस्लिमांनी नमाजगृहाच्या उंबऱ्याबाहेरच थांबायचं. हे शब्दांविना, हसून, तळहात दाखवून सांगणारे ते आजोबा! आतल्या भिंतींच्या लाकडी फळ्यांवर कुराण कोरलेलं आहे, त्यातलं थोडं दारातूनही दिसतं.

शुक्रवारी दुपारी जाणं टाळा. तेव्हा जुम्म्याची नमाज असते, आणि तिची वेळ सूर्य माथ्यावरून ढळल्यावर सुरू होते. चीनभर घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे शीआनला सूर्य डोक्यावर येतो पावणेएकच्या सुमारास. गर्दी बारानंतरही वाढतच असते. तेव्हा पाहुण्यांना न दुखावता बाजूच्या अंगणात वळवणाऱ्यांचे आभार तर मानावे तितके थोडेच.