आत्या, तू हसणार हे माहितीये

ब्रिस्टल, रविवार रात्र

प्रिय आत्या,
शि. सा. न.

व्हॉट्सॲपवरच लिहायला घेतलं होतं पण एवढं लांबलं की म्हटलं पत्रच होऊ दे, नाहीतरी फोनवर आपलं बोलणं रंगात आलं की मामा मागून 'नळ आला, नळ आला' करतात आणि तू पळतेस.

तर बातमी ही की मी सध्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतीये. त्यापण दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या, घोडागाड्या आणि हातमोजेवाल्या. हसून घे. मी बारावीत होते तेव्हा तू दुपारी वाचनालयातली पुस्तकं पेपरचं कव्हर घालून वाचायचीस आणि मी शहाणपणा करायचे की काय गं आत्या, सरदार आणि त्याची ती, शेवटी लग्नच होणार ना. तू मान वर न करता म्हणालीस, "म्हणून तर वाचते." तेव्हा मला ते उत्तरच वाटलं नव्हतं.

आता पटतंय. शेवटी लग्न होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असलं ना, की दोघं कितीही भांडू देत, आपल्या जिवाला घोर नाही. परवा एका पुस्तकात तो तिच्या हातमोज्याचं बटण लावून देतो, आत्या, एक बटण, मनगटावरचं, आणि ते दीड पान चाललंय! मी बसमध्ये श्वास रोखून बसलेले, दोन स्टॉप पुढे गेले आणि मग पावसात उलटी चालत घरी.

हा सगळा काळ म्हणजे १८११ ते १८२०, राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झालेला आणि गादीचा कारभार मुलाकडे, म्हणून रीजन्सी म्हणतात. फक्त नऊ वर्षं, पण त्यात लेखिकांनी इतके देखणे तरुण ड्यूक कोंबलेत की बिचाऱ्या साध्या माणसांना लंडनमध्ये उभं राहायला जागा मिळाली नसती. ही वाट पाडली ती जॉर्जेट हेयर या बाईने. सतराव्या वर्षी आजारी भावाचं मन रमावं म्हणून तिने एक गोष्ट रचली, ती १९२१ साली पुस्तक म्हणून छापली गेली. तिच्या वह्याच होत्या म्हणे, कपडे, गाड्या, वस्तूंच्या किमती, सगळं टिपलेलं. म्हणून तिचं वाचताना कापडाची सळसळ ऐकू येते, बाकीच्या काहीजणी नुसत्याच 'सुंदर झगा' लिहून मोकळ्या होतात.

आणि लग्न जमवण्याचा तो सगळा प्रकार, अगं डिट्टो आपल्याकडचा, फक्त पोहे नाहीत. लंडनला आल्मॅक्स म्हणून हॉल होता, बुधवारी नाच, पण आत जायला पास हवा आणि तो द्यायचा की नाही हे चार-सहा बड्या घरच्या बायका ठरवणार. एवढं नटूनथटून आत गेल्यावर खायला काय, तर पातळ ब्रेड-बटर आणि लिंबू सरबत. आपल्याकडे वरपक्ष उठून गेला असता. घरच्यांचा विरोध असला तर जोडपं रातोरात स्कॉटलंडच्या हद्दीवर ग्रेटना ग्रीनला पळायचं, कारण १७५३ च्या कायद्याने इंग्लंडात एकवीसच्या आत आईबापांची परवानगी लागायची, स्कॉटलंडात ती भानगड नव्हती.

पण खरं तुला सांगायचंय ते वेगळंच. मागच्या आठवड्यातल्या पुस्तकात नायक कर्नल, थोडा लंगडतो, कुठे लागलं म्हणून ती विचारते तर म्हणतो असईला. मी पान परत वाचलं. असई! आपलं भोकरदनजवळचं, जालना जिल्ह्यातलं! २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली केळणा नदी ओलांडून आला आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या, तोच वेलस्ली पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पुस्तकात त्यावर एकच वाक्य, 'लांबचा, फार उकाड्याचा मुलूख'. अरे लांब कसला! आपण जीपने त्या बाजूला लग्नाला गेलो होतो, तू वाटेत गाडी थांबवून शेतातून हरभरा उपटून आणलेलास. तिथे आपली एवढी माणसं पडली आणि ही बया ह्याच्या पायाला मलम चोळतीये. खूप राग आला, पुस्तक आपटलं. पाच मिनिटांनी परत उचललं आणि रात्री दीडला त्यांचं लग्न लावूनच झोपले. आता तू काय ते म्हण.

आत्या, तुझ्या त्या कव्हरवाल्यांतलं एखादं नाव आठवत असलं तर कळव, असईच्या आपल्या बाजूच्या कुणाचं लग्न लागतं का कुठे, ते बघायचंय. आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
छकू