कारवानीला ‘शेतावर’ पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कारवानी कुत्र्याला घर हवे’ अशी आवाहने पुण्या-मुंबईकडे वरचेवर फिरत असतात. फोटोत लांब तोंडाचा, शेपूट पायांत घातलेला, बरगड्या मोजता येतील असा कुत्रा असतो. काही जण कळवळून त्याच दिवशी न्यायला निघतात. बाकीचे सांगतात, ‘याला फ्लॅटमध्ये कोंडू नका, कुणाच्या तरी शेतावर सोडा.’ दोघांच्याही मनात मायाच असते. पण घाईने नेलेला कुत्रा पहिल्याच आठवड्यात हातून निसटतो आणि शेतावर सोडलेला वर्षभरात हरवतो किंवा गाडीखाली येतो. म्हणून हे पत्र.

लातूर, सोलापूर, जत या भागांत ज्या देशी शिकारी कुत्र्याला कारवानी म्हणतात, तोच बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावानेही ओळखला जातो. 2005 साली टपाल खात्याने ज्या चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे लष्कराच्या मेरठच्या केंद्रात या जातीच्या कुत्र्यांचे प्रशिक्षण झाले, 2020 मध्ये ‘मन की बात’मध्येही तिचा उल्लेख आला. नाव झाले तशी राखणीचा कुत्रा म्हणून शहरात पिल्ले विकली जाऊ लागली. खरे तर हा राखणदार नव्हेच. अनोळखी माणसापासून तो अंग चोरतो, मोठ्या आवाजाने बिथरतो आणि ओरडा बसला की दिवसभर कोपरा सोडत नाही.

तो वास काढत शिकार करत नाही, नजरेने करतो. माळरानावर दूर काही हलले की मान ताठ होते, आणि एकदा धाव सुरू झाली की हाक त्याच्या कानांत शिरत नाही. हा शिस्तीचा दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच गुणासाठी त्याची निवड झाली आहे आणि कोणत्याही प्रशिक्षणाने तो पूर्ण जात नाही. आता अशा कुत्र्याला उघड्या शेतावर ठेवून पाहा. शेजाऱ्याची शेळी, कोंबड्या, बांधावरचा ससा, पलीकडचा हायवे. ससा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली संरक्षित आहे, म्हणजे कुत्र्याने तो मारला तर मालकही अडचणीत येऊ शकतो. काटेरी तारेच्या कुंपणातून हा वेगात आरपार जायला बघतो आणि छातीपासून मांडीपर्यंत फाटतो. सहा फूट उंचीची, खाली फट नसलेली जाळी चारही बाजूंनी असेल तरच शेत चालेल. नसेल तर दोन खोल्यांचा फ्लॅट त्याच्यासाठी अधिक सुरक्षित.

फ्लॅटमध्ये तो रमतो हे अनेकांना खरे वाटत नाही. प्रौढ कारवानी दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, भुंकतो कमी, अंगाला वासही फारसा येत नाही. त्याला सकाळ-संध्याकाळ 30 ते 40 मिनिटे दोरीवर चालणे हवे आणि आठवड्यातून दोन-तीनदा चारही बाजूंनी बंद जागेत मोकळे पळणे. तो कमी अंतराचा धावपटू आहे. दहा मिनिटांत त्याचे समाधान होते. मे महिन्यात मात्र सकाळी सातनंतर पळवू नका. पळताना अंगात उष्णता झपाट्याने साठते आणि अंगाचे तापमान 40.5 अंश सेल्सिअसच्या वर गेले की जिवावर बेतते.

आता ‘घ्यावा का?’ हा प्रश्न. घरात मांजर असेल तर त्या विशिष्ट कुत्र्याची मांजरासमोर परीक्षा झाल्याशिवाय हो म्हणू नका. मुसके घालून, आखूड दोरीवर, दहा-पंधरा मिनिटे. मांजराकडे बघून त्याने नजर वळवली तर आशा आहे. अंग ताठ करून, पापणी न हलवता टक लावली, खाऊ नाकासमोर धरूनही नजर हटली नाही, तर थांबा. घरातली दोन्ही माणसे सलग दहा तास बाहेर असतील तरी आमचे मत ‘नाही’ असेच आहे. पाच-सहा वर्षांच्या आतले मूल असेल तर वेगळी खबरदारी लागते. यातले काही कुत्रे डोळे अर्धे उघडे ठेवून गाढ झोपतात आणि अचानक हात लागला की जागे होण्याआधीच तोंड मारतात. आधी नावाने हाक, मग स्पर्श, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाळता येणार असेल तरच पुढे जा. आणि ज्यांना टेकडीवर मोकळा सोडता येणारा सोबती हवा आहे, त्यांनी कृपया दुसरा कुत्रा पाहावा. याची दोरी जन्मभर, म्हणजे दहा-बारा वर्षे, हातात धरावी लागते.

दोरीचे गणित नीट सांगायला हवे, कारण बहुतेक कुत्रे इथेच हरवतात. याचे डोके मानेपेक्षा फार रुंद नसते. घाबरून तो उलटा मागे सरकला की साधा बकलाचा गळपट्टा कानांवरून सहज निघतो. त्याला मार्टिंगेल प्रकारचा, 4 ते 5 सेंटिमीटर रुंद पट्टा लागतो. ओढ बसली की हा ठरावीक मर्यादेपर्यंत घट्ट होतो. घट्ट झाल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर पट्टा सैल आहे. छातीचा पट्टाही तीन बंदांचा घ्यावा, तिसरा बंद बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर येणारा. दोन बंदांच्या पट्ट्यातून तो अंग काढून घेतो. पहिले दोन महिने गळपट्ट्याला एक आणि छातीच्या पट्ट्याला एक अशा दोन दोऱ्या ठेवा. दोरी दीड ते दोन मीटरची. आपोआप गुंडाळणारी पाच मीटरची नको. तेवढ्या अंतरात तो वेग घेतो आणि टोकाला मानेला हिसका बसतो. घराचे दार उघडताना सेफ्टी डोअर बंदच हवे. बाल्कनीचा कठडा चार फुटांचा असेल तर वर जाळी लावून घ्या, समोरच्या गच्चीवरचे कबूतर पुरेसे असते.

सुटका केलेला कुत्रा फार वाळलेला असेल तर पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. दीर्घ उपासानंतर एकदम खाल्ले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झरकन पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडू शकते. सुरुवात रोजच्या गरजेच्या पाव भागाने, तीही चार वेळांत विभागून, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण मापावर. 25 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 1200 ते 1300 कॅलरी लागतात. बाजारातल्या कोरड्या खाद्यात ते सुमारे 350 ग्रॅम होते, म्हणजे महिन्याला साडेदहा किलो. नुसत्या दूध-भाकरीवर स्नायू भरत नाहीत. अंडी, चिकन हवे. नंतरही त्याला गुबगुबीत करू नका. निरोगी कारवानीच्या शेवटच्या दोन बरगड्या आणि कमरेची हाडे थोडी दिसतातच. पाठीचा कणा धारदार लागत असेल आणि मांडी आत गेली असेल, तर तो उपाशी आहे. छाती खोल असल्याने पोट पिळवटण्याचा धोकाही असतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळवू नये. पोट फुगले, ओकारी येते पण काही पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

नसबंदीच्या आधी पशुवैद्यांशी भुलेबद्दल बोला. अंगावर चरबी कमी आणि काही औषधे यकृतातून सावकाश निघणारी, यामुळे ग्रेहाऊंडसारखे (शर्यतीचे सडपातळ विदेशी) कुत्रे थायोपेंटोन या औषधाच्या भुलेतून तासन्‌तास बाहेर येत नाहीत. कारवानी त्याच बांध्याचा आहे, तेव्हा हे औषध टाळावे आणि शुद्धीवर येईपर्यंत अंग उबदार ठेवावे. रक्ततपासणीतही फसगत होते. ग्रेहाऊंडमध्ये तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी आणि थायरॉइडचा आकडा खालचा हेच स्वाभाविक असते. आपल्याकडे गोचीडताप सर्रास, त्यातही प्लेटलेट उतरतात. म्हणून कुत्रा ठणठणीत असताना एकदा तपासणी करून तो कागद जपून ठेवावा, पुढे ताप आला की तुलनेला तोच उपयोगी पडतो. कातडी पातळ असते. फाटली तर हळद-तेल न भरता स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड गुंडाळा आणि टाके घालून घ्या. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, जाड गादी द्या.

कुत्रा टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पट्ट्याहूनही स्वस्त! ही रक्कम वाढली पाहिजे, आणि महापालिकांनी निदान एका मैदानाला सहा फुटांची जाळी व दुहेरी फाटक करून सकाळचा एक तास कुत्र्यांसाठी राखून ठेवावा.

तोवर, ज्यांचा निर्णय होत नाही त्यांनी पंधरा दिवसांसाठी कुत्रा सांभाळायला न्यावा. पहिले तीन दिवस तो कदाचित खाणार नाही, पलंगाखाली राहील. त्यावरून काही ठरवू नका. पाहुणे बोलावू नका, अंघोळ घालू नका. दुसऱ्या दिवसापासून पाच-पाच मिनिटे एकटे ठेवायला लागा. दत्तक करारात एक ओळ लिहून घ्या: जमले नाही तर कुत्रा देणाऱ्याकडेच परत येईल, परस्पर कुणाला किंवा कुणाच्या शेतावर जाणार नाही. पंधराव्या दिवशी ‘नाही’ म्हणून परत आणून दिलेला कुत्रा सुखरूप असतो. त्याला दुसरे घर शोधता येते.

आपले,
कारवानी कुत्र्यांच्या पुनर्वसनाचे काम करणारे काही वाचक, पुणे