बेनिनची शिल्पं आणि आपले वीरगळ

संपादक साहेब, नमस्कार.

2025 मध्ये नेदरलँड्सनं नायजेरियाला बेनिनच्या (आताच्या नायजेरियातलं जुनं राज्य, बेनिन देश नव्हे) 119 वस्तू परत दिल्या, वाचून लई बरं वाटलं. 1897 ला इंग्रज फौजेनं बेनिन लुटलं तेव्हा राजवाड्याच्या खांबांवरच्या पितळी पाट्यासुद्धा काढून नेल्या, त्यातलं बरंच अजून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि 1963 चा तिथला कायदा द्यायला आडवा येतो, हा सरळसरळ अन्याय आहे. नायजेरियात पुरातन वस्तूंचा कायदा 1953 ला झाला (तेव्हा राज्य इंग्रजांचंच), 1979 ला म्युझियम कमिशन आलं, पण आधीची लूट कायद्यानं आपोआप येत नाही, मागावीच लागते, आणि ते मागत राहिले.

आपल्याकडं पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा आहे. पण सोलापूर जिल्ह्यात गावोगावी पारापाशी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) पडलेत, ऑइलपेंट फासून फासून लढणाऱ्या वीराचा चेहरासुद्धा दिसेना, फोटो नाही की नोंद नाही, उद्या एखादा कुणी उचलून नेला तर आपलाच होता हे दाखवणार कशानं? जुन्या मराठी शिलालेखाच्या हत्तरसंग कुडलचं नाव तरी लोकांना माहितीय, या दगडांना कोण विचारतंय. प्रशासनानं प्रत्येक ग्रामपंचायतीकडून फोटोसकट यादी करून घ्यावी, कॉलेजची पोरं मदतीला घ्यावीत, आणि हे यंदाच सुरू व्हावं.

एक वाचक, सोलापूर