संध्याकाळचं मैदान मुलींनाही मिळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाने बिश्केकला उझबेकिस्तानवर २-१ अशी मात करून आशियाई चषकात जागा मिळवली. एका गोलने मागे पडल्यावर दुसऱ्या सत्रात थंडामणी बास्की आणि अनुष्का कुमारी यांनी सामना फिरवला. त्याआधी ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील मुलींनी यांगूनला यजमान म्यानमारला १-० असं हरवून २००६ नंतर प्रथमच आशियाई स्पर्धा गाठली होती.

मला मात्र २०२४ चा ढाक्याचा सामना विसरता येत नाही. १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत, समोर यजमान बांगलादेश. भरपाई वेळेपर्यंत भारत पुढे होता, तेव्हा बरोबरीचा गोल झाला. मग पेनल्टी शूटआउट ११-११! गोलरक्षकासकट आपल्या अकराही जणींनी चेंडू जाळ्यात घातला. पुढे नाणेफेक झाली, भारत विजयी ठरला, वाद पेटला आणि अखेर विजेतेपद दोघांना विभागून दिलं गेलं. परक्या मैदानावर एकीचाही पाय डगमगला नाही. हे बळ लहान वयापासून रोज मैदान मिळाल्याशिवाय येत नाही.

नागपूरला फुटबॉलचं वेड नवं नाही. कामठीच्या मैदानांनी पिढ्या घडवल्या; विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल याच शहरातून उभा केला. तरी आमच्या भागातल्या मैदानावर संध्याकाळी पाहावं, तर मुलींच्या वाट्याला गोलपोस्टमागची पट्टी. तिथेही मुलांचा चेंडू आला की सराव थांबतो. स्वच्छतागृहाला कुलूप, कपडे बदलायला आडोसा नाही. जर्सीवर शाळेचा कुर्ता चढवून पोरी घरी निघतात. नववी-दहावीत मुलींनी खेळ सोडला की दोष अभ्यासावर आणि आईबापांवर जातो. माझ्या मते निम्मं कारण ते कुलूप आहे.

सुब्रोतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे, पण स्पर्धा तोंडावर आल्यावर शाळेने पंधरा दिवस पळवून काय साधणार?

महापालिकेला माझी विनंती आहे : दहाही झोनमध्ये किमान एका मैदानावर आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा, ही वेळ फक्त मुलींसाठी राखावी. त्या वेळेत स्वच्छतागृह उघडं आणि दिवे सुरू असावेत. त्यासाठी नवं स्टेडियम बांधायची गरज नाही, आणि येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सहज सुरू करता येईल.

आपली,
एक पालक, नागपूर