एकाच झाडाचं बी नको

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. नवं रान लावायला जागा ठरली, कुंपण झालं, आणि आता माथ्यावरच्या त्या मोठ्या झाडाखालचं सगळं बी गोळा करून रोपं करायची, असं तू लिहिलं आहेस. झाड सरळसोट आहे, निरोगी आहे, बी पुरून उरेल इतकं पडलंय, मग लांब कशाला जायचं, असं विचारतोस. ते वाचल्यापासून मला चैन नाही. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी हेच करून बसलो आहे रे. काही वर्षांपूर्वी एका तोड झालेल्या रानात एक झाड एकटंच उरलं होतं. त्याच्या जातीचं दुसरं झाड नजरेच्या टप्प्यात नव्हतं. शेंगांनी लगडलेलं पाहून मी पोतंभर बी आणलं आणि वाफ्यात पेरलं. उगवण झाली तेव्हा हिरव्या कोंबांत मधूनमधून पांढरी रोपं दिसायला लागली. फिकट नव्हेत, कागदासारखी पांढरी. देठ पांढरा, दोन्ही दलं पांढरी, मागून आलेलं पहिलं पानही पांढरं. मी त्यांना सावलीत हलवलं, माती बदलली, खत घातलं. बियांतली शिदोरी होती तोवर ती उभी राहिली. ती संपल्यावर कडेनं तपकिरी होत एकेक करून आडवी झाली. अंगात हरितद्रव्यच नाही, तर जगणार कशावर?

त्याचं कारण नंतर कळलं. जनुकं जोडीनं असतात, आणि प्रत्येक झाडाच्या अंगात अशा काही जोड्या असतात ज्यांतलं एक जनुक बिघडलेलं असतं. दुसरं धडधाकट असतं, ते काम निभावून नेतं, म्हणून झाडाचं काही अडत नाही. पण शेजारी कोणी नसल्यामुळे त्याच झाडाचे पराग त्याच झाडाच्या फुलांवर पडले, तर दर चार बियांमागे साधारण एका बीत दोन्ही बाजूंनी बिघडलेलंच जनुक येतं. पांढरी रोपं निदान डोळ्यांना दिसली. मला रुखरुख आहे ती हिरव्यांची. तीही त्याच स्वपरागणातून आलेली, आणि त्यांतला दोष वाफ्यात कळतही नाही. निलगिरीच्या झाडांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय की स्वपरागणाची रोपं सुरुवातीला बऱ्यापैकी बरोबरीनं चालतात, पण वय वाढेल तशी मागे पडतात आणि दाटीत आधी तीच मरतात. म्हणजे तू लावशील, वाढवशील, आणि झाडं खांद्याला लागली की मग एकेक जायला लागेल.

तुझं झाड तितकं एकटं नसेलही. जवळपास त्याची चार भावंडं असतील. पण आई एकच असली की तुझं सगळं रान एकमेकांची भावंडं होणार, आणि पुढची पिढी त्या भावंडांच्या आपापसातल्या संबंधातून येणार. झाडं हे टाळायला किती खटपट करतात ते बघ. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपण सहज म्हणतो, पण एकदा मुद्दाम फोडून बघ, हिरवं असताना. आत शेकडो बारीक फुलं दाटीवाटीनं बसलेली दिसतील. मादी कीटक टोकाच्या छिद्रातून इतक्या चेपून आत शिरते की तिचे पंख तिथेच तुटून पडतात. अंगावरचे पराग फुलांना देते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या लेकी बाहेर पडायच्या वेळी आतली नरफुलं तयार होतात. एका झाडाची फळं बहुधा एकदमच त्या टप्प्याला आलेली असतात, त्यामुळे पराग घेऊन निघालेल्या लेकींना दुसरंच झाड शोधावं लागतं. नामिबियातल्या एका नदीकाठी उंबराच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदावर अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. पराग सरासरी 89 किलोमीटरवरून आले होते, सर्वांत लांबचे तर 160 किलोमीटरवरून. दोन मिलिमीटरच्या, दोनएक दिवस जगणाऱ्या जिवानं आणलेले! मी ते वाचून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

सगळ्याच झाडांना असा लांबचा निरोप्या मिळत नाही. रानाचे तुकडे पडले की अनेकांचा संबंध तुटतो, आणि ते आपल्याला दिसतही नाही. दोनशे वर्षांची झाडं उभी असतात, रान भरलेलं वाटतं, त्यांची जनुकं तपासली तरी विविधता भरपूर निघते. निघणारच, ती रान अखंड होतं तेव्हाची लेकरं आहेत. घसरण दिसते ती त्यांच्या पायाशी उगवलेल्या रोपांत. म्हणून रानात गेलास की वर बघण्याआधी खाली बघत जा.

तू म्हणशील, एकसारखी, सरळ, जोमदार झाडं आली तर वाईट काय? सध्या काहीच नाही. पण झाडाला जागा सोडून पळता येत नाही. रोग आला, पाऊस हटला, की त्या जातीच्या हजारांतल्या कोणाच्या अंगात काही वेगळं आहे का, एवढ्यावरच सगळं असतं. युरोपातल्या ॲश झाडांवर पूर्व आशियातून बुरशी आली आणि रानंच्या रानं शेंड्याकडून वाळत गेली. त्यांत थोडी झाडं मात्र जवळजवळ हिरवीच राहिली, आणि हा काटकपणा त्यांच्या बियांतूनही उतरतो. आता सगळी आशा त्या थोड्यांवर आहे. उलट अमेरिकेतल्या चेस्टनटचं झालं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर परदेशी बुरशी दिसली आणि पन्नासएक वर्षांत 300 ते 400 कोटी झाडं गेली. त्यांच्यात फरक नव्हते असं नाही, पण नेमका हवा तो फरक जवळपास नव्हताच. आजही जुन्या मुळांतून धुमारे येतात, आणि बहुतेक फळं धरण्याआधीच मरतात. विविधता असली म्हणजे झाड वाचेलच अशी खात्री मी देत नाही. पण ती नसेल तर वाचण्याची शक्यताच उरत नाही.

कोणी तुला ऑस्ट्रेलियातल्या वॉलेमाय पाइनचं उदाहरण देईल. 1994 मध्ये सापडलेलं, जंगलात शंभरहून कमी मोठी झाडं, आणि जनुकांत फरक जवळजवळ नाहीच. तरी ते टिकलं, हे खरं. पण कसं? एका खोल घळीच्या आडोशाला, आणि 2019-20 च्या वणव्यात माणसांनी जिवाचं रान करून वाचवलं म्हणून. तुझा उतार उघडा आहे.

दुसऱ्या टोकाला जाऊन लांबून कुठून तरी बी मागवू नकोस. विल्मोरीन नावाच्या फ्रेंच माणसानं 1820 च्या दशकात वेगवेगळ्या मुलखांतल्या एकाच जातीच्या पाइनचं बी एका जागी लावून पाहिलं, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या मुलखाचं वळण धरलं. कुठल्या ऋतूत कोंब फुटायचा, किती कोरड सोसायची, हे बियांतच शिकून आलेलं असतं. हवा बदलते आहे, तेव्हा थोडं बी जरा कोरड्या भागातल्या रानातून घ्यावं असं माझं मत आहे, पण मुख्य बी जवळच्या रानाचंच.

म्हणून हे कर. त्या जातीची किमान तीस झाडं शोध, पन्नास मिळाली तर फारच छान. एकमेकांपासून निदान शंभर पावलं लांबची, कारण जवळजवळची झाडं बहुधा एकाच आईची असतात. सरळसोटच निवडू नकोस, वाकडं, ठेंगणं, खडकात उगवलेलं झाडही घे. प्रत्येकाचं बी सारख्या मापानं घे, नाहीतर एका भरघोस झाडाचंच पारडं जड होतं. आणि लावताना एका जातीचा पट्टा करू नकोस. आईच्या सावलीत तिचीच रोपं किडीनं आणि बुरशीनं जास्त मरतात, असं जान्झेन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी 1970-71 मध्ये वेगवेगळं मांडलं. मिसळलेल्या रानात त्या किडीला पुढचं झाड सहज सापडत नाही.

या वर्षी तीस झाडांना बी धरलं नसेल तर थांब. एक वर्ष गेलं तर जाऊ दे. माथ्यावरच्या त्या झाडाचंही बी घे, पण तिसांतलं एक म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी येतो, तोवर झाडं हेरून ठेव. कापडी पिशव्या आण, प्रत्येक झाडाची वेगळी. पिशवीत चिठ्ठी टाकायची आणि तिच्यावर झाडाचा क्रमांक पेन्सिलीनं लिहायचा. बी ओलं असतं, शाई पसरते.

तुझाच,
मित्र